नसलेल्या ग्रहाचा भूगोल

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात सौरमालेची प्रतिकृती हमखास असते. मधोमध पिवळा सूर्य, तारांवर टांगलेले आठ गोळे, शनीभोवती पुठ्ठ्याचे कडे. पृथ्वी निळी आणि मंगळ तांबडा हे मुलांना आधीच ठाऊक असते. तेवढे रंगवले की काम संपते. गोळे करताना त्यांना एकही निर्णय घ्यावा लागत नाही, कारण प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पुस्तकातल्या चित्रात छापलेले आहे. माझे म्हणणे असे की, या मुलांच्या हाती अस्तित्वातच नसलेला ग्रह द्यावा. त्याचे नाव त्यांनी ठेवावे, डोंगर आणि समुद्र त्यांनी ठरवावेत, आणि बाजारातला कोणताही तयार संच न आणता कागदाचा लगदा, शाडू, बांबूच्या कामट्या, खळ आणि रंग एवढ्याच सामग्रीतून तो बारीकसारीक तपशिलांसह उभा करावा. मोठ्यांनीही हे करून पाहावे. आपल्याकडे अशा कामाकडे फावल्या वेळचा खेळ म्हणून पाहिले जाते. पण भूगोल आणि भौतिकशास्त्र यांची इतकी काटेकोर परीक्षा घेणारे दुसरे घरगुती काम मला दिसत नाही. खऱ्या ग्रहाची नक्कल करणाऱ्याला फक्त ‘काय’ माहीत असावे लागते. काल्पनिक ग्रह घडवणाऱ्याला ‘का’ हे माहीत नसेल तर पहिला थर लावतानाच हात थांबतो.

हात थांबतो तो गोळ्याच्या आकारापाशीच. ग्रह म्हटला की फुगा फुगवून त्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, ही पहिली कल्पना. पण ग्रह गोल का असावा? हॅल क्लेमेंट या अमेरिकी लेखकाने १९५३ मध्ये ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’ या कादंबरीसाठी मेस्क्लिन नावाचा ग्रह रचला. क्लेमेंट पेशाने शाळेत विज्ञान शिकवत. त्यांच्या ग्रहाचा दिवस जेमतेम १८ मिनिटांचा. इतक्या वेगाने फिरणारा ग्रह गोल राहूच शकत नाही. तो विषुववृत्तापाशी फुगतो आणि ध्रुवांपाशी चपटा होतो. क्लेमेंट यांच्या आकड्यांप्रमाणे मेस्क्लिनची प्रतिकृती करायची, तर विषुववृत्तावर ६० सेंटिमीटर व्यास धरल्यास ध्रुवाध्रुवातले अंतर जेमतेम २५ सेंटिमीटर भरते. तिथे फुगा कामाचा नाही, सुरुवात कामट्यांच्या सांगाड्यानेच करावी लागेल. विषुववृत्तावर पृथ्वीच्या तिप्पट गुरुत्व आणि ध्रुवावर सातशे पट, असा त्यांचा हिशेब होता. कादंबरी क्रमशः छापून येत असतानाच त्यांनी एका लेखात तो सगळा वाचकांपुढे मांडला. पुढे एमआयटीच्या विज्ञानकथाप्रेमी विद्यार्थ्यांनी तो तपासला आणि ध्रुवावरचे गुरुत्व अडीचशे पटीच्या आसपासच येईल असे दाखवून दिले. जगात कुठेही नसलेल्या ग्रहाबद्दल एखादा माणूस ‘चुकला’ असे सिद्ध करता येते, ही गोष्ट माझ्या युक्तिवादाचा पाया आहे. कल्पनेला मोकळे रान मिळते, पण निसर्गनियमांचे कुंपण ओलांडून नाही. आणि ते कुंपण नेमके कुठे आहे हे घडवणाऱ्याला स्वतः शोधावे लागते.

त्यापुढचा प्रश्न मापाचा, आणि तो भल्याभल्यांना चकवतो. पृथ्वीएवढा काल्पनिक ग्रह ६० सेंटिमीटर व्यासाचा करायचा असे धरू. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटर म्हणजे सुमारे २१ किलोमीटर. या मापाने एव्हरेस्ट अर्ध्या मिलिमीटरलाही पोचत नाही. १,६४६ मीटरचे कळसूबाई, महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर, झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीपेक्षाही बुटके ठरते. वातावरणाचे तीन-चतुर्थांश वस्तुमान ज्या खालच्या अकरा-एक किलोमीटरमध्ये सामावले आहे तो सगळा थर अर्ध्या मिलिमीटरचा. आपला श्वास, मोसमी वारे, ढग, विमाने, सगळे एका रंगाच्या जाड हाताइतक्या उंचीत. ही आकडेवारी पाठ्यपुस्तकातून काढता येते, पण बोटांनी लगदा थापताना ती जशी कळते तशी वाचून कळत नाही. मग घडवणाऱ्यापुढे पेच उभा राहतो: डोंगर दिसावेत म्हणून त्यांची उंची वाढवून दाखवायची का, आणि किती? वीसपट वाढवली तर एव्हरेस्ट आठ मिलिमीटरचे होते, बोटाला लागते. पण त्याच वेळी पाच अंशांचा सौम्य उतार साठ अंशांचा कडा होऊन बसतो. जर्मनीतल्या बॉन शहरात थिओडोर डिकर्ट यांनी १८५४ च्या सुमारास खगोलशास्त्रज्ञ युलियस श्मिट यांच्या मदतीने चंद्राच्या दर्शनी बाजूची प्लास्टरची अवाढव्य प्रतिकृती केली. तिचे ११६ तुकडे होते आणि व्यास १९ फुटांहून अधिक. पुढे ती शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये गेली. एवढ्या मोठ्या आकारातही त्यांना डोंगरांची उंची आडव्या मापाच्या तिप्पट धरावी लागली होती. उंची किती वाढवली हे प्रतिकृतीखाली लिहून ठेवणे हा प्रामाणिकपणाचा पहिला धडा आहे, आणि आपल्या शाळांतल्या प्रतिकृतींवर तो आकडा क्वचितच दिसतो.

उंचीचा प्रश्न तिथेच संपत नाही, कारण काल्पनिक ग्रहावर डोंगर किती उंच असू शकतो हेही ठरवायचे असते. मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स सुमारे २२ किलोमीटर उंच आहे. मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्केच आहे, म्हणून तिथला खडक स्वतःच्या भाराने इतक्या लवकर खचत नाही. शिवाय तिथले कवच पृथ्वीसारखे सरकत नसल्याने एकाच जागी लाव्हा साचत राहिला. म्हणजे आपल्या ग्रहावर असा डोंगर हवा असेल, तर आधी गुरुत्व कमी करायला हवे. गुरुत्व कमी केले की वातावरण धरून ठेवणे अवघड. वातावरण विरळ झाले की समुद्र टिकणार नाही. आणि समुद्र नाही तर नदी कुठली? एका शिखराच्या मोहापायी सगळा ग्रह कोरडा पडतो. या साखळीचा प्रत्येक दुवा शाळेच्या पुस्तकात वेगवेगळ्या इयत्तांत, वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेला आहे. तो एकत्र आणण्याची गरज खऱ्या पृथ्वीची प्रतिकृती करताना कधी पडत नाही, कारण तिथे हे सगळे आधीच जमून आलेले असते.

नद्यांचे पाहा. कल्पनेतल्या प्रदेशांचे नकाशे काढणारे एक चूक वारंवार करतात: नदी उगमाकडून निघते आणि वाटेत दोन-तीन फाटे फुटून वेगवेगळ्या समुद्रांना मिळते. खऱ्या नद्या खाली वाहताना एकमेकींत मिसळतात. त्रिभुज प्रदेश सोडला तर सहसा फुटत नाहीत. सपाट कागदावर ही चूक खपून जाते. उठावाच्या प्रतिकृतीवर थेंबभर पाणी सोडले की ती उघडी पडते. मराठी वाचकाला तर याचे उत्तम उदाहरण घरातच आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर, तरीही ती त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि पूर्वेला माण-खटावात पाचशेच्या आसपास. काल्पनिक ग्रहावर एक डोंगररांग उभी केली की वारा कुठून येतो, पाऊस कोणत्या अंगाला पडेल, रान कुठे आणि माळ कुठे, हे सगळे ठरवावे लागते. चित्रपटांनी आपल्याला एकाच हवामानाच्या ग्रहांची सवय लावली आहे. ‘स्टार वॉर्स’मधला टॅटूइन सगळा वाळवंट आणि होथ सगळा बर्फ. पडद्यावर कॅमेरा दाखवेल तेवढाच ग्रह असतो. हातातल्या गोळ्याला मात्र मागची बाजू असते, दोन ध्रुव असतात, आणि तिथे काय आहे या प्रश्नातून सुटका नाही.

या विचाराला एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. प्रतिकृती माणसाला शिकवते तशी ती फसवतेही. जेम्स नॅस्मिथ हा वाफेवर चालणारा हातोडा घडवणारा स्कॉटिश अभियंता. व्यवसायातून लवकर निवृत्त होऊन त्याने चंद्राच्या निरीक्षणात आयुष्य घालवले. त्या काळी दुर्बिणीतून चंद्राचे जवळून छायाचित्र काढणे शक्य नव्हते. म्हणून त्याने जे दिसले ते रेखाटले, त्यावरून प्लास्टरच्या प्रतिकृती केल्या, त्या उन्हात ठेवून त्यांची छायाचित्रे काढली आणि १८७४ मध्ये जेम्स कार्पेंटर यांच्यासह ‘द मून’ हा ग्रंथ काढला. छायाचित्रे इतकी जिवंत की पाहणाऱ्याला आपण चंद्रावरच उभे आहोत असे वाटावे. चंद्र आकसल्यामुळे त्यावर सुरकुत्या पडल्या असाव्यात हे पटवायला त्याने म्हाताऱ्या हाताचे आणि सुकलेल्या सफरचंदाचे छायाचित्रही शेजारी छापले. पण त्याच्या चंद्रावरचे डोंगर सुळक्यांसारखे टोकदार होते आणि विवरे ज्वालामुखीची होती. मावळतीच्या उन्हात लांब पडणाऱ्या सावल्यांवरून त्याने उतारांचा अंदाज केला आणि तो चुकला. अपोलोच्या छायाचित्रांत दिसले ते गोलसर, बोथट डोंगर, अब्जावधी वर्षे बारीक उल्कांचा मारा खाऊन झिजलेले. आणि बहुतेक विवरे उल्कांच्या आघाताची. सुळक्यांचा तो चंद्र मात्र लोकांच्या मनातून शंभर वर्षे हलला नाही. चेस्ली बोनस्टेल या विख्यात चित्रकाराने १९५७ मध्ये बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयासाठी ४० फूट लांबीचे चंद्रभूमीचे चित्र केले. त्यातही तेच टोकदार कडे होते, आणि माणूस चंद्रावर जाऊन आल्यावर १९७० मध्ये ते उतरवावे लागले. त्याआधी १९५० च्या ‘डेस्टिनेशन मून’ या चित्रपटासाठी चंद्राचा देखावा उभारताना अंतराचा भास व्हावा म्हणून जमिनीवर भेगा दाखवल्या गेल्या. बोनस्टेल यांना त्या पसंत नव्हत्या, कारण अशा भेगा चिखल वाळल्यावर पडतात आणि चंद्रावर चिखलाला पाणीच नाही.

याहून हृद्य उदाहरण एमी इंगेबोर्ग ब्रून या डॅनिश बाईंचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पर्सिव्हल लॉवेल या अमेरिकी खगोलप्रेमीने मंगळावर सरळ रेषेत खणलेले कालवे दिसतात असे जाहीर केले होते. ब्रून यांनी लॉवेलच्या नकाशांवरून मंगळाचे गोल हाताने रंगवले, एकेक कालवा रेखून. कोरड्या पडत चाललेल्या ग्रहावर सगळ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायची ही व्यवस्था त्यांना सहकारी समाजाचा आदर्श वाटली, आणि मुक्त जमीन, मुक्त व्यापार, मुक्त माणसे असे आपल्या ध्येयाचे बोलही त्यांनी गोलावर लिहिले. ते गोल आज संग्रहालयांत जपून ठेवले आहेत. १९६५ मध्ये मरिनर ४ यान मंगळाजवळून गेले. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत विवरे होती, कालवा एकही नव्हता. ब्रून यांनी आयुष्यातली कित्येक वर्षे एका काल्पनिक ग्रहाच्या प्रतिकृती केल्या. फक्त तो काल्पनिक आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

या इतिहासावरून ‘प्रतिकृती करूच नयेत’ असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला त्यातून नेमके उलटे दिसते. नॅस्मिथ किंवा ब्रून यांचे हात चुकले नाहीत. त्यांची प्रतिकृती पुराव्याच्या जागी जाऊन बसली. जे माहीत नव्हते ते प्लास्टरने आणि रंगाने भरून काढले गेले, आणि भरलेली जागा कोणती व पाहिलेली कोणती यातली रेघ पुसली गेली. जाहीरपणे काल्पनिक असलेल्या ग्रहाबाबत हा धोका उरत नाही. तो कशाचाही पुरावा नसतो. त्याला एकच प्रश्न विचारता येतो: तो स्वतःशी आणि निसर्गनियमांशी सुसंगत आहे का? फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या ‘ड्यून’ कादंबरीतल्या अराकिस या वाळवंटी ग्रहाला २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या हवामानतज्ज्ञांनी हाच प्रश्न विचारला. खऱ्या पृथ्वीच्या हवामानासाठी वापरतात ती संगणकीय प्रणाली त्यांनी अराकिसला लावली. ग्रह बराचसा टिकला. माणसे तिथे कशीबशी जगू शकतील असे निघाले. पण कादंबरीत माणसे राहतात त्या ध्रुवाकडच्या प्रदेशातच ऋतूंचा चटका सर्वांत भयंकर, आणि ध्रुवांवरचे बर्फ उन्हाळ्यात टिकणार नाही, असेही दिसले. हर्बर्ट यांच्यावर कोणी खोटेपणाचा आरोप केला नाही, कारण त्यांनी तो ग्रह खरा असल्याचा दावा कधी केला नव्हता. चूक सापडली, कारण समजले, कुणाचीही दिशाभूल झाली नाही. मुलांना चुका करायला शिकवायचे असेल तर त्यासाठी याहून सुरक्षित जागा मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप संगणकाचा. ‘नो मॅन्स स्काय’ या २०१६ च्या खेळात १८ वर अठरा शून्ये इतके ग्रह आहेत, प्रत्येकाला डोंगर, रंग, हवा. मग लगद्यात हात कशाला घालायचे? याचे उत्तर त्या आकड्यातच आहे. ते ग्रह सूत्राने जन्मले; खेळणारा त्यांवर उतरतो, ते ठरवत नाही. तयार सॉफ्टवेअरमध्ये ‘झीज’ अशी कळ दाबली की दऱ्या आपोआप कोरल्या जातात आणि कळ दाबणाऱ्याला पाणी खडक कसा कापते हे कळण्याची गरज उरत नाही. ज्याला स्वतः समीकरणे मांडून ग्रहाचे हवामान चालवता येते त्याने जरूर संगणकाकडे जावे. अराकिसचे ऋतू हाताने निघाले नसते. पण तिथवर पोचण्याआधी डोंगर एकदा हाताने रचलेला असावा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो: ज्या मुलाला आपल्या तालुक्यातली नदी कोणत्या नदीला मिळते हे सांगता येत नाही, त्याने परग्रहाच्या नद्या कशाला रंगवायच्या? महाराष्ट्रात मातीने प्रदेश घडवण्याची परंपरा आहेच. दिवाळीचा किल्ला हे दगड, माती आणि पोत्यांतून घडवलेले कामच आहे. अळीव पेरून हिरवळ आणायची, बुरूज रचायचे, गडावर टाके खणायचे. ती परंपरा आता मात्र विकतच्या प्लास्टरच्या किल्ल्यांपुढे मागे पडते आहे, आणि जिथे ती टिकली आहे तिथेही मावळा दरवाजापेक्षा उंच असतो याचे कुणाला काही वाटत नाही. काल्पनिक ग्रह घडवणाऱ्या मुलाला परत सह्याद्रीकडेच यावे लागते, कारण त्याच्याकडे कच्चा माल म्हणून दुसरे काही नाही. आपल्या ग्रहावर पायऱ्यापायऱ्यांचे कडे हवे असतील तर सह्याद्रीला ते का आहेत हे त्याला शोधावे लागेल: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, कठीण थर टिकले, मऊ थर झिजले. हे एकदा ग्रहावर वापरलेले मूल राजगडाच्या कड्याकडे पुन्हा पाहील तेव्हा त्याला ते थर मोजावेसे वाटतील.

खर्चाचा मुद्दा राहतो, तो फारसा अवघड नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलवर बंदी आहे, त्यामुळे प्रतिकृतींचे ते सोपे साहित्य तसेही गेले. जुनी वर्तमानपत्रे, मैद्याची खळ आणि शाडू यांतून हवा तेवढा ग्रह होतो, आणि हे काम शिकवू शकणारे हात पेणसारख्या मूर्तिकारांच्या गावांत आहेत. खरा खर्च वेळेचा आहे. तो शाळेने द्यावा असे मी म्हणतो, कारण आज प्रकल्पाच्या नावाखाली दुकानातून तयार वस्तू आणण्यात पालकांचा पैसा आणि मुलांचा वेळ दोन्ही जातात, हाती काही लागत नाही.

मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा चालवली, त्यातून मराठीला लेखक मिळाले. तशीच ग्रहांची स्पर्धा कुणी भरवावी. गुण रंगकामाला देऊ नयेत. प्रत्येक ग्रहासोबत एक वही असावी: व्यास, गुरुत्व, दिवसाची लांबी, अक्षाचा कल, उंची किती पट वाढवली आहे, आणि प्रत्येक रांग, नदी व वाळवंट तिथेच का आहे याचे एका ओळीत कारण. ‘सुंदर दिसते म्हणून’ हे कारण चालणार नाही. परीक्षक मोठी माणसे नसावीत. एका शाळेच्या ग्रहाच्या चुका दुसऱ्या शाळेच्या मुलांनी काढाव्यात, जशा क्लेमेंट यांच्या एमआयटीतल्या वाचकांनी काढल्या, आणि काढलेली चूक वहीतच लिहावी. पुढच्या वर्षी नवा ग्रह सुरू करू नये. तोच गोळा पुढच्या तुकडीकडे द्यावा, म्हणजे आधीच्यांनी चुकीच्या दिशेने वाहवलेली नदी खरवडून काढायची, पाणलोट पुन्हा रचायचा आणि तसे का केले याचे कारण वहीच्या पुढच्या पानावर लिहायचे, हे काम त्यांना करावे लागेल.